वीस मिनिटांचे पाच रुपये

एप्रिलच्या शेवटी धाकट्याच्या वर्गाच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. तिसरी संपत आली होती. बाई रागावलेल्या नव्हत्या, काळजीने बोलत होत्या. "गणित पक्कं आहे. गोष्ट तोंडी सांगायला लावली की रंगवून सांगतो. पण वाचायला उभा केला की आवाज खाली जातो. जोडाक्षर आलं की अडखळतो, आणि एकदा अडखळला की ती ओळच सोडून देतो. सुट्टीत रोज थोडं वाचून घ्या त्याच्याकडून."

मी हो म्हणाले. पण 'रोज वाचून घेणं' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते करून बसलो होतो. मी पुस्तक घेऊन समोर बसायचे, तो रडवेला व्हायचा, माझा आवाज चढायचा. चौथ्या दिवशी पुस्तक कपाटावर गेलं ते गेलंच.

थोरलीची अडचण निराळी. साडेदहा वर्षांची, वाचायला उत्तम येतं, पण कोडी, चित्रकथा आणि रविवारची पुरवणी यांच्या पलीकडे जायची नाही. सलग मोठा मजकूर दिसला की पान उलटायचं.

पैशांची कल्पना अण्णांची. अण्णा म्हणजे माझे सासरे, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. ही प्रेस १९२८ सालची. आमच्या जेल रोडच्या बाजूला तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, नुसतं 'प्रेस' म्हणतात. उभी हयात नोटा छापण्यात गेल्यामुळे असेल, पण अण्णांना पैशाबद्दल एक अदब आहे. चुरगळलेली नोट हातात आली की ती मांडीवर सरळ करूनच खिशात जाते. ते म्हणाले, "अगं, सुट्टीत खाऊला पैसे आपण देतोच की. तेच वाचनाचे म्हणून देऊ. आणि त्यातले थोडे साठवायला लावू."

मला ते लगेच पटलं नाही. पुस्तक वाचायचे पैसे द्यायचे, मग उद्या जेवायचे मागतील, असं मनात आलं. माझी एक मैत्रीण बालवाडीच्या शिक्षिकांना प्रशिक्षण देते. तिला फोन केला तर तिने एका जुन्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी तो केला होता. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना त्यांनी आधी सांगून ठेवलं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल. काही दिवसांनी बक्षीस नसताना पेनं समोर ठेवली, तेव्हा हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं त्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. मैत्रीण म्हणाली, "जे मूल आपणहून करतं त्याला पैसे चिकटवू नकोस. जे सुरूच होत नाही त्याला धक्का म्हणून दे, आणि कधी थांबायचं ते आधीच ठरवून घे."

म्हणून दोन गोष्टी ठरवल्या. कोडी, चित्रकथा, पुरवणी यांना पैसे नाहीत, ते तुमचं तुम्ही वाचा. आणि शाळा सुरू झाली की योजना बंद. दर ठेवला एका पुस्तकाला वीस रुपये.

पुस्तकं आणायला पहिल्याच शनिवारी सिटीलिंकच्या बसने शालिमारला गेलो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. माझे वडील मला तिथे हाताला धरून न्यायचे, आणि माझं लहानपणचं बहुतेक वाचन तिथल्या पुस्तकांवर झालं. मुलांना मात्र मी इतकी वर्षं तिथे नेलं नव्हतं. द्वारकेच्या गर्दीतून कोण जाणार, असं म्हणत राहिले. त्या दिवशी कपाटांच्या रांगेसमोर थोरली उभी राहिली आणि तिने पुस्तकं निवडायला सुरुवात केली, तेव्हा मला भरून आलं होतं. ती पुस्तकं कशावरून निवडते आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

ती जाडीवरून निवडत होती.

पहिल्या आठवड्यात थोरलीने नऊ पुस्तकं संपवली. सोळा पानी, वीस पानी, मोठ्या अक्षरांची, तिच्यापेक्षा लहान मुलांची. शनिवारी अण्णांनी सहज विचारलं, "त्या माकडाचं शेवटी काय झालं गं?" तर तिला कुठलं माकड तेच आठवेना. आणि धाकट्याचा आकडा शून्य. दोन दिवस तो बसला होता, पण ताईची तीन झाली, चार झाली हे दिसल्यावर त्याने पुस्तक मिटून ठेवलं. "मला वीस रुपये नकोत," म्हणाला. ज्या मुलासाठी हे सगळं मांडलं तोच बाहेर पडला.

थोरलीला एकशे ऐंशी रुपये द्यायचे की नाहीत यावर आमच्या घरात बराच वेळ बोलणं झालं. यांचं म्हणणं, अर्धे द्यावेत. अण्णा ठाम होते. "तिने फसवलेलं नाही. आपण जे मोजलं तेच तिने केलं. दर आपला चुकला, शब्द तिला दिलेला आहे." एकशे ऐंशी रुपये दिले. आज मागे वळून बघताना मला वाटतं की त्या दिवशी ते दिले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नवा दर त्याच रात्री ठरला. पुस्तक मोजायचं नाही, वेळ मोजायचा. सलग वीस मिनिटं वाचलं की कॅलेंडरवर एक फुली, एका फुलीचे पाच रुपये, दिवसाला जास्तीत जास्त दोन. पुस्तक कुठलंही, आवडलं नाही तर अर्ध्यावर सोडायची मुभा, तेच पुन्हा वाचायचीही मुभा. आणि संध्याकाळी अण्णांना सांगायचं की आज काय वाचलं. अण्णांनी परीक्षा घ्यायची नाही, फक्त "मग?" एवढंच विचारायचं. वीस मिनिटं का, तर धाकटा त्याहून जास्त टिकणार नाही असं मला वाटलं, आणि त्याहून कमी वेळात थोरली गोष्टीत शिरणार नाही. दुसरं काही शास्त्र त्यामागे नव्हतं.

वेळ मोजायला लागल्याबरोबर थोरलीची निवड बदलली. पातळ पुस्तकाचा फायदाच उरला नाही. उलट पातळ पुस्तक बारा मिनिटांत संपायचं आणि दुसरं शोधायला उठावं लागायचं. पुढच्या फेरीत तिने दीडशे पानांचं एक पुस्तक आणलं. आमच्या गच्चीवर तेव्हा कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या. कावळे हाकलायला कुणीतरी लागतंच, तर ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायची. एका दुपारी मी वर गेले तर कावळा कुरडईवर बसून खात होता आणि हिला पत्ता नव्हता. फुली कधीच झाली होती, ती पुढे वाचत होती. मी कावळ्याला हाकललं आणि काही न बोलता खाली आले.

धाकट्याचं इतकं सोपं झालं नाही. घड्याळ लावून तो बसायचा, पण वीस मिनिटांतली पंधरा चित्रं बघण्यात जायची. दुसऱ्या शनिवारी त्याच्या पाच फुल्या झाल्या, पंचवीस रुपये. अण्णांनी त्याला दहाच्या दोन नोटा आणि एक नाणं दिलं, आणि एक नोट उलटी करून त्याच्यासमोर धरली. मागच्या बाजूला डावीकडे भाषांची पट्टी असते. तिच्यात पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. "यात मराठी शोध." त्याला वाटलं सोपं आहे, देवनागरी दिसली की झालं. पण पट्टीत देवनागरी ओळी चार आहेत: कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत. त्यामुळे वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याने एक एक ओळ लावत 'दहा रुपये' शोधलं, मग मोजून सांगितलं की मराठी बरोब्बर मधोमध आहे, वरून आठवी आणि खालूनही आठवी. हे अण्णांनाही नवं होतं, इतक्या नोटा हातांखालून गेल्या तरी त्यांनी कधी मोजलं नव्हतं. मग तो संस्कृतच्या ओळीवर अडला. 'दशरूप्यकाणि.' प्य वर थांबला, मागे गेला, पुन्हा आला. अण्णा नोट धरून बसले होते, त्यांनी घाई केली नाही. त्याने तो शब्द पूर्ण वाचला, आणि मग घरभर 'दशरूप्यकाणि' म्हणत फिरला.

त्याच सुमारास अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा महिन्याभराने मिळणार होता, तोवर बारीक अक्षर लागेना. सकाळचा पेपर हा त्यांचा प्राण. आयपीएलचे सामने चालू होते, आणि रात्रीचा सामना आमच्याकडे पूर्ण कुणी बघत नाही, दहाला दिवे बंद. सकाळी ते धाकट्याला म्हणाले, "बघ रे, काय झालं कालच्या मॅचचं." त्याने मथळा वाचला. "पुढे?" पुढचं वाचणं भाग होतं, कारण अण्णांना खरोखरच माहीत नव्हतं. हा फरक मला तेव्हा कळला. मी त्याच्याकडून वाचून घ्यायचे तेव्हा त्याला माहीत असायचं की आईला हे सगळं आधीच येतं, ती फक्त चूक पकडायला बसली आहे. अण्णा बातमीसाठी बसले होते.

'क्षेत्ररक्षण' या शब्दाने त्याला तीन सकाळी छळलं. चौथ्या सकाळी तो न थांबता त्यावरून गेला आणि स्वतःच थांबून वर बघितलं. 'उपांत्य', 'सर्वोत्कृष्ट', 'प्रशिक्षक', 'निर्णायक' असे जोडाक्षरांनी गच्च भरलेले शब्द एरवी तिसरीच्या मुलाच्या वाट्याला येत नाहीत. पेपरला फुली द्यायची का, असा प्रश्न आला. अण्णांनी दिली. मी म्हटलं हे नियमात नव्हतं. ते म्हणाले, "मला वाचून दाखवतोय, मजुरी नको?"

दुपारच्या फुलीसाठी 'किशोर'चे जुने अंक कामाला आले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक फोनवर फुकट वाचता येतात. माझ्या लहानपणचा एक अंक मी त्यात शोधून काढला. मुलाला फोनवर वाचायला द्यायचं म्हणून मन कचरत होतं, पण घरात पुस्तकं मोजकी आणि शालिमारची फेरी आठवड्याला एकच, तर मी शेजारी बसून दिलं.

आता साठवणीचं सांगते, कारण त्यात आम्हीही शिकलो. माझ्या शाळेत संचयिका होती. दर सोमवारी रुपया-दोन रुपये बाईंकडे द्यायचे, त्या छोट्याशा पुस्तकात मांडून ठेवायच्या. वर्षाअखेरीला ते पैसे हातात आले तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. मुलांसाठी तसंच काही हवं होतं. अण्णांनी दोन दोन डबे केले, एक खर्चाचा, एक साठवणीचा. कुठल्या डब्यात किती टाकायचे ते मुलांनी ठरवायचं. साठवणीच्या डब्यात दर शनिवारी असलेल्या प्रत्येक पूर्ण दहा रुपयांवर अण्णा एक रुपया व्याज टाकणार.

थोरलीने पहिल्या एकशे ऐंशीतले ऐंशी खर्चाला ठेवले, शंभर साठवणीत. पुढच्या शनिवारी दहा रुपये व्याज बघून तिचे डोळे चमकले. त्यानंतर तिने बिटकोच्या चौकातल्या कुल्फीलासुद्धा दोनदा विचार केला. धाकट्याने खर्चाचा डबा उघडलाच नाही. त्याला खर्च करायचं नव्हतं, मोजायचं होतं. रोज संध्याकाळी डबा उपडा करून तो नाण्यांच्या चळती लावायचा. पंचवीस रुपयांवर फक्त दोन रुपये व्याज का, पाच रुपयांनी काय पाप केलं, हा त्याचा प्रश्न दोन दिवस पुरला.

दुसऱ्या आठवड्यात टपाल कार्यालयात दोघांची बचत खाती उघडली. आधार, फोटो, जन्माचे दाखले, माझं पॅन, अर्ज. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद होता, दुसऱ्या खेपेला काम झालं. दहा वर्षांपुढच्या मुलाला खातं स्वतःच्या नावावर उघडून स्वतः चालवता येतं, त्याखालच्या मुलाचं खातं पालकाने चालवायचं. त्यामुळे थोरलीला काउंटरवर सही करायला सांगितली, आणि आमच्या लक्षात आलं की तिने जन्मात कधी सही केलेली नाही. तिने देवनागरीत पूर्ण नाव लिहिलं. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "अशीच करायची हं कायम, बदलायची नाही." धाकट्याच्या अर्जावर माझी सही. तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता, काही बोलला नाही. प्रत्येकी पाचशे रुपये आम्ही भरले, कारण तेवढी शिल्लक खात्यात ठेवावी लागते.

घरी आल्यावर थोरलीने विचारलं, इथे व्याज किती? वर्षाला चार टक्के. तिने कागद घेतला. अण्णा आठवड्याला दहा टक्के देतात. चार टक्क्यांनी दहा व्हायला अडीच वर्षं. "म्हणजे अण्णा शनिवारी देतात तेवढं द्यायला यांना अडीच वर्षं लागणार? मग मी अण्णांकडेच ठेवते."

अण्णा खुर्चीतून पुढे झुकले. इतका वेळ ते गमतीच्या सुरात बोलत होते, आता नाही. "माझं व्याज हे खाऊ आहे. ते पैसे मी पेन्शनमधून टाकतो, तुझ्या पैशांनी काही कमावून देत नाही. घराबाहेर कुणी असा दर देतो म्हणाला तर तिथून निघून यायचं. तो तुझं व्याज दुसऱ्याच्या पैशांतून देत असतो, आणि एक दिवस तो दुसरा संपतो." त्यांच्या बरोबरच्या एका माणसाने निवृत्तीची मोठी रक्कम अशाच ठिकाणी घालवली होती. ती हकिकत त्यांनी मुलांना सगळी सांगितली. मला वाटलं लहान मुलांना हे कशाला, पण थोरली फार लक्ष देऊन ऐकत होती, आणि त्या रात्री तिने मला विचारलं की ते आजोबा आता काय करतात.

चौथ्या आठवड्यात मुलं निफाडला आजोळी गेली. तिकडे मामेभावंडं, विहीर, आंबे. थोरलीच्या फुल्या चारावर आल्या. धाकट्याने मात्र तिथेही आजोबांना पेपर वाचून दाखवला. माझ्या वडिलांना चष्म्याने व्यवस्थित दिसतं. ते मुकाट्याने ऐकत बसले, आणि नंतर मला फोन करून बराच वेळ बोलले.

शेवटच्या शनिवारी थोरलीच्या साठवणीच्या डब्यात चारशे अठरा रुपये होते, धाकट्याच्या दोनशे बाहत्तर. शाळा सुरू झाल्यावर १७ जूनला आम्ही ते भरले. पासबुकात नऊशे अठरा आणि सातशे बाहत्तर उमटले. तिथेच थोरलीला कळलं की व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर धरतात, आणि ते खात्यात वर्षाअखेरीला येतं. म्हणजे तिच्या चारशे अठरांवर जूनचं व्याज नाहीच. "आई, सात दिवसांसाठी गेलं," असं तिने बसस्टॉपपर्यंत चार वेळा म्हटलं. मी हिशेब केला, जेमतेम दीड रुपया होत होता. पण तिचं वाईट वाटणं खरं होतं. आता तिच्या दप्तराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली आहे: दहाच्या आत.

योजना संपल्यावर थोरलीने पंधरा दिवस एकही पुस्तक उघडलं नाही. मला धस्स झालं, मैत्रिणीने सांगितलं तेच झालं असं वाटलं. फुल्या परत सुरू करूया का, असं मी यांना दोनदा विचारलं. केल्या नाहीत. जुलैच्या पावसात एका रविवारी तिने स्वतःहून शालिमारला जायचं काढलं, कारण गच्चीवर वाचलेल्या त्या जाड पुस्तकाचा पुढचा भाग आहे असं तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं. पूर्वीइतकी रोज ती वाचत नाही, आठवडाच्या आठवडा कोरा जातो. मी विचारत नाही.

अण्णांना चष्मा मिळाला, पेपर परत त्यांच्या हातात गेला. खेळाचं पान मात्र ते बाजूला काढून ठेवतात. धाकटा शाळेला निघायच्या आधी मोजे घालता घालता ते वाचून दाखवतो. अजून अडखळतो. वर्गात उभं राहून वाचताना आवाज अजून थोडा बसतो, असं बाई म्हणाल्या, पण ओळ सोडत नाही.

त्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला पुढचा ऑगस्ट उजाडणार. खिडकीशी उभं राहून त्याने जे ऐकलं ते तो विसरलेला नाही: सही एकदा केली की कायम तशीच. एवढ्या मोठ्या गोष्टीची तयारी आत्तापासून हवी, असं त्याचं म्हणणं. पूर्ण नाव लिहायचं की फक्त आडनाव, खाली रेघ मारायची की नाही, हे अजून ठरत नाहीये. सध्या आमच्या घरातल्या प्रत्येक जुन्या पेपरच्या कडेला, मतदानाच्या चिठ्ठीएवढ्या जागेत, त्याच्या पाच-सहा सह्या असतात, आणि अण्णा त्यांतली रोज एक निवडून त्याला सांगतात, ही बरी आहे.